लहान दाव्यांची कहाणी

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून पायी निघाले, तर ओव्हल मैदानाच्या कडेला असलेल्या कोर्टापर्यंत पोहोचायला अर्धा-पाऊण तास पुरे होतो. तिथे जुन्या सचिवालयाच्या दगडी इमारतीत नगर दिवाणी न्यायालय आहे. काही पावलांवर हायकोर्ट आहे. तसेच पुढे धोबीतलावाच्या अंगाला गेले की लघुवाद न्यायालय लागते. गिरगावातला प्रत्येक भाडेकरू त्याला 'स्मॉल कॉज' या नावाने ओळखतो आणि ते नाव घेताना आवाज थोडा खाली आणतो. साऱ्या महाराष्ट्रात कोर्टांच्या इतक्या जवळ राहणारी गरिबांची वस्ती दुसरी क्वचितच असेल. गडचिरोलीच्या माणसाला हायकोर्टाचे खंडपीठ गाठायचे तर नागपूरपर्यंत यावे लागते. आमच्या मच्छीमार नगरातल्या माणसाला बसचे तिकीटसुद्धा काढावे लागत नाही. आणि तरीही कोर्ट त्याला किती दूर आहे, हे मला काही वर्षांपूर्वी एका ओल्या संध्याकाळी कळले.

जुलै महिना होता. मासेमारीची बंदी चालू होती, होड्या किनाऱ्यावर ओढून वर प्लॅस्टिकचे कागद घातलेले होते, आणि घराघरांच्या दारात जाळी दुरुस्तीला पसरलेली होती. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी माझ्याकडे आली. सगळी वस्ती तिला मावशी म्हणते, मीही म्हणतो. तिने पदराखालून एक घडी घातलेला कागद काढला.

"मास्तर, यो कागद जरा वाचा. कायतरी सरकारी दिसतंय."

तो सरकारी होता हे खरे. मावशीविरुद्ध झालेल्या दिवाणी हुकूमनाम्याच्या बजावणीची, म्हणजे दरखास्तीची ती नोटीस होती. होडीच्या इंजिनासाठी तिने एका पेढीकडून कर्ज घेतले होते. त्यातले बरेचसे फेडलेही होते. पावत्या बिस्किटाच्या डब्यात होत्या. परंतु पेढीने दावा लावला, कोर्टाने समन्स काढले, दावा सुनावणीला आला, आणि प्रतिवादी हजर नाही म्हणून निकाल एकतर्फी झाला. "तुम्हाला समन्स मिळालं नव्हतं का?" मी विचारले. तिने आठवून सांगितले, की कधीतरी दारावर एक कागद डकवलेला होता. ती पहाटे चारला ससून डॉकवर गेलेली असे, घरी येई ते दुपार कलल्यावर. पाऊस होता, कागद भिजला. कोणी म्हणाले महापालिकेचा असेल. तिने तो सुकवून एकविरेच्या तसबिरीमागे जपून ठेवला. फाडला नाही, टाकला नाही. फक्त वाचला नाही, कारण वाचता येत नव्हता.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे. कायद्याचे माझे ज्ञान बेताचेच. परंतु वर्गात रोज हजेरी घेणाऱ्या माणसाला 'गैरहजर' या शब्दाचे वजन ठाऊक असते. नाव पुकारले, उत्तर आले नाही, की मास्तर फुली मारतो. ती फुली खरी असते. पण मूल का आले नाही हे ती सांगत नाही. कोर्टाच्या दाराशी शिपाई पुकारा करतो, तोही तसाच. त्या संध्याकाळपासून मला एक नाद लागला. या शहरात लहान माणसाच्या लहान दाव्यासाठी कोर्टे कोणी काढली, का काढली, आणि ती इतकी जवळ असून दूर कशी गेली, हे मी वाचून काढू लागलो. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याला दिवाळी अंकासाठी गोष्ट हवी असते. मला ही खरीखुरी गोष्ट सापडली.

गोष्टीचा आरंभ साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. पोर्तुगीजांनी आंदण दिलेले मुंबई बेट इंग्लंडच्या राजाने १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्यावर कंपनीच्या हवाली केले. दुसऱ्याच वर्षी जेराल्ड आँजियर हा कंपनीचा सुरतेचा अध्यक्ष आणि मुंबईचा गव्हर्नर झाला. मुंबई वसवायची तर व्यापारी यायला हवेत, आणि व्यापारी यायचे तर दिलेला पैसा परत मिळण्याची हमी हवी, हे त्या चाणाक्ष माणसाने ओळखले. १६७० साली त्याने बेटाचे दोन भाग पाडले. एका भागात मुंबई, माझगाव आणि गिरगाव. दुसऱ्यात माहीम, परळ, शीव आणि वरळी. दोन्ही भागांना एकेक कोर्ट दिले. २०० झेराफिनपर्यंतचे दावे तिथे चालत. झेराफिन हे त्या काळचे पोर्तुगीज नाणे. कोर्टाचे मुख्य म्हणून जकातीचा अधिकारी बसे, म्हणजे न्याय हा तेव्हा जकात वसुलीचा जोडधंदा होता! परंतु परळच्या माणसाला परळच्या बाजूला आणि गिरगावच्या माणसाला गिरगावच्या बाजूला कोर्ट असावे, ही कल्पना मुंबईत तेव्हापासूनची आहे, हे विसरता कामा नये.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ८ ऑगस्ट १६७२ रोजी, नव्या न्यायालयाचे उद्घाटन झाले. तो दिवस म्हणजे मुंबईने पाहिलेला एक मोठा सोहळाच होता. हिरव्या पोशाखातले पन्नास भंडारी शिपाई दोन-दोनच्या रांगेने पुढे चालले होते. त्यांच्यामागे हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा बेटावरच्या समाजांचे प्रतिनिधी, मग वाद्ये, घोडे आणि अधिकारी. जॉर्ज विलकॉक्स हा न्यायाधीश नेमला गेला. आँजियरने त्याला भर सभेत बजावले, की या बेटावर नाना जातींचे आणि धर्मांचे लोक राहतात, त्या सर्वांकडे तू एकाच डोळ्याने पाहिले पाहिजेस, कारण न्यायावरचा सर्वांचा हक्क सारखा आहे. कंपनीच्या पदरी असलेल्या माणसाचे हे बोलणे सगळे खरे उतरले असे मुळीच नाही. परंतु ते बोलले गेले हे खरे.

मला मात्र या मिरवणुकीपेक्षा एक बारीकशी गोष्ट अधिक मोलाची वाटते. मोठ्या न्यायालयात दावा लावायचा तर रकमेवर शेकडा पाच या दराने फी पडे. ज्याची झोळीच रिकामी, त्याने काय करावे? म्हणून त्याच विलकॉक्सने आठवड्यातून एकदा निराळे कोर्ट भरवायचे ठरले. त्याचे नाव 'कोर्ट ऑफ कॉन्शन्स', म्हणजे सदसद्विवेकाचे कोर्ट. वीस झेराफिनपर्यंतचे दावे तिथे चालत आणि फी मुळीच घेत नसत. गरिबाच्या वीस नाण्यांना मोठ्या सावकाराच्या हजारांइतकेच महत्त्व असते, हे त्या नावातच कबूल केलेले होते. आज आपण ज्याला 'लहान दाव्यांचे कोर्ट' म्हणतो त्याचे मुंबईतले मूळ हेच.

आमच्या कुलाब्याचा मात्र या व्यवस्थेत आरंभी समावेश नव्हता. कुलाबा आणि त्याच्या लगतचे छोटे बेट इंग्रजांच्या ताब्यात आले ते १६७५ च्या सुमारास. तोवर आणि त्यानंतरही पुष्कळ काळ कोळ्यांचा न्याय त्यांचा पाटील आणि जातीची पंचायतच करीत असे. होडीचा वाटा, जाळ्याची जागा, सोयरीक, काडीमोड, सगळे तिथेच सुटे. पंचायतीचे दोष होतेच. पैसेवाल्याचे आणि पुरुषाचे वजन तिथे अधिक पडे. पण एक गुण होता. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा तो समोर बसलेला असे.

खाडीपलीकडे मराठी मुलखात न्यायाची जी रीत चालत असे, तिच्यातही हाच गुण फार पक्का केलेला होता. गोतसभा किंवा मजलीस बसली की दोन्ही पक्षांकडून प्रथम राजीनामा लिहून घेत. आजच्या अर्थाचा राजीनामा नव्हे. या पंचांचा निवाडा आम्हाला राजीखुशीने मान्य आहे, असा तो कागद. मग दोघांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, साक्षी घ्यायच्या, आणि शेवटी महजर करायचा. सर्वांत मौजेची चीज म्हणजे यजितपत्र. जो हरला त्याने आपण हरलो असे स्वतः लिहून द्यायचे! जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे खर्च दोघांनाही सुटत नसे. परंतु विचार करा, ज्याला आपण हरलो हे लिहून द्यायचे आहे, तो निकालाच्या वेळी गैरहजर कसा असेल? त्याला विचारल्यावाचून, ऐकल्यावाचून ते लिहून कसे घेता येईल? एकतर्फी हुकूमनाम्याला त्या रीतीत सहज शिरकाव नव्हता.

इकडे आँजियरचे कोर्ट फार काळ टिकले नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८९-९० मध्ये मुंबईवर स्वारी केली, त्या धामधुमीत ते बंद पडले. १७१८ साली नवे कोर्ट उभे राहिले. त्यात पाच इंग्रज आणि चार देशी न्यायाधीश होते. हिंदू, मुसलमान, पारशी आणि पोर्तुगीज ख्रिस्ती अशा चार समाजांचे ते चौघे. त्यांचा दर्जा इंग्रजांच्या खालचा होता, परंतु पक्षकाराची भाषा आणि त्याची रीत जाणणारा माणूस बाकावर असला पाहिजे, ही समज त्यात होती. आठ-दहा वर्षांतच ती गेली. १७२६ च्या सनदेने मेयरचे कोर्ट आले, ते १७२८ साली मुंबईत सुरू झाले, आणि देशी न्यायाधीश बाकावरून उठले.

त्याचा परिणाम लगेच दिसला. १७३० साली एक शिंपी जातीची बाई ख्रिस्ती झाली. तिचा बारा वर्षांचा मुलगा तिला सोडून नातेवाइकाकडे राहायला गेला. तिने मेयरच्या कोर्टात त्या नातेवाइकावर फिर्याद केली आणि कोर्टाने मुलगा आईच्या स्वाधीन करण्याचा हुकूम दिला. त्यावर मोठा गहजब झाला. गव्हर्नर कोवन याने कोर्टाला बजावले, की देशी लोकांच्या धर्माच्या आणि जातीच्या भानगडीत पडण्याचा तुम्हाला अधिकार नाही. आई खरी की नातेवाईक खरा, हे आपण आज ठरवू शकत नाही. परंतु कोणत्या कोर्टाला कोणाचा न्याय करण्याचा अधिकार आहे, म्हणजे ज्याला वकील मंडळी 'अधिकारक्षेत्र' म्हणतात, तो प्रश्न मुंबईत एका आईच्या आणि बारा वर्षांच्या पोराच्या निमित्ताने उभा राहिला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कायद्याच्या पुस्तकातला रुक्ष शब्द कोणाच्या तरी घरातून उचललेला असतो.

१७५३ च्या सनदेने यावर तोड काढली. देशी लोकांचे आपसांतले दावे दोघांची संमती असेल तरच मेयरच्या कोर्टाने घ्यायचे. त्याच सनदेने लहान दाव्यांसाठी 'कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स' निर्माण केले. मर्यादा पाच पॅगोडा, म्हणजे सुमारे पंधरा-सतरा रुपये. मेयर गेला, रेकॉर्डर आला. रेकॉर्डर गेला, १८२४ साली सुप्रीम कोर्ट आले. तेही जाऊन १८६२ साली हायकोर्ट आले. मोठ्यांच्या या येण्याजाण्यात धाकट्या कोर्टाचा संसार पाऊणशेच्या वर वर्षे चालला. १८५० च्या कायद्याने त्याचे रूपांतर स्मॉल कॉज कोर्टात झाले आणि मर्यादा ५०० रुपये झाली. १८८२ च्या कायद्याने ती २,००० रुपयांवर नेली. थोडक्यात चौकशी, झटपट निकाल, आणि सहसा अपील नाही, अशी त्याची रीत. स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते माणेकजी करसेटजी यांच्यासारखा सुधारक पारशी गृहस्थ या कोर्टाच्या न्यायासनावर बसला होता.

पुढे एक गमतीचा फेरा आला. १९४७ च्या भाडेकायद्याने मुंबईतले घरमालक-भाडेकरूंचे सगळे दावे, मग रक्कम कितीही असो, याच स्मॉल कॉज कोर्टाकडे सोपविले. जे कोर्ट पानवाल्याच्या आणि शिंप्याच्या उधारीसाठी काढले, त्याच्याकडे गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतल्या हजारो कुटुंबांचे छप्पर आले. लहान दाव्यांच्या कोर्टात माणसाचा सर्वांत मोठा दावा शिरला. आजोबांनी लावलेला दावा नातवाने चालवावा, अशा कहाण्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. झटपट निकालाचे कोर्ट तुंबले ते असे. कोर्ट तेच राहिले, ओझे मात्र बदलले.

इथवर वाचून असे वाटेल की सुधारणा म्हणजे जवळचे कोर्ट, कमी फी आणि वाढती मर्यादा. मलाही तसेच वाटत होते. परंतु याच कहाणीचा एक अध्याय मुंबईत नव्हे, घाटावर घडला आहे. तो वाचला आणि मला मावशीचा भिजलेला कागद आठवला.

१८५९ साली इंग्रज सरकारने देशासाठी दिवाणी कामकाजाचा एकसारखा कायदा केला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांत मुन्सफ आणि सबजज्ज यांची कोर्टे होतीच. खेड्यापासून ती काही फार दूर नव्हती. नव्या रीतीने सगळे नीट लिहिलेले झाले: दावा असा मांडायचा, समन्स असे काढायचे, प्रतिवादी आला नाही तर निकाल असा द्यायचा. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू हा, की कुळाच्या मानेवर जुने कर्ज वर्षानुवर्षे राहू नये. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. मग दावा. शेतकरी कोर्टात येई ना. आला तर त्याला बोलता येईना. अंगठा त्याचाच होता, रोखा खरा होता. हुकूमनाम्यावर हुकूमनामे एकतर्फी होत गेले. जमिनी गेल्या, बैल गेले. शेवटी १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी लोक उठले. त्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने फोडली आणि रोखे, वह्या, हुकूमनामे यांच्या होळ्या केल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हा वणवा पसरला. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. ज्या कागदाने आपल्याला विचारलेच नाही, तो कागद त्यांना जाळायचा होता.

सरकारने चौकशी समिती बसविली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. कर्जासाठी कुळाला तुरुंगात टाकणे बंद झाले. दहा रुपयांपर्यंतचे दावे गावातल्याच मुन्सफापुढे चालविण्याची सोय झाली. दावा लावण्याआधी तडजोड करविणाऱ्या पंचाकडे जावे लागे, आणि तिथे वकिलाला मज्जाव होता. परंतु या सर्वांहून मोलाची कलमे दोन होती. पहिले असे, की कोर्टाने प्रतिवादीला स्वतः तपासलेच पाहिजे. तसे करणे अनावश्यक वाटले तर त्याचे कारण लिहून ठेवले पाहिजे. दुसरे असे, की रोख्यावरचा आकडा डोळे मिटून धरायचा नाही. कुळाने तक्रार केली नाही तरी व्यवहार मुळापासून उकलून हिशेब पाहायचा. म्हणजे कोर्टाने केवळ पुकारा करून थांबायचे नाही. गैरहजर कुळाच्या बाजूनेही प्रश्न विचारायचे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा या कामाशी निकटचा संबंध आला. पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी लवाद कोर्ट काढले, त्यामागेही ते होते. आणि पुढे या कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कोर्टांचे काम तपासण्यासाठी सरकारने त्यांनाच नेमले. गावोगाव फिरून सबजज्जांची दप्तरे पाहणारा तो थोर माणूस डोळ्यांपुढे आणा. हुकूमनामा कायद्याप्रमाणे आहे की नाही, एवढेच त्यांना पाहायचे नव्हते. कुळाला विचारले होते की नाही, हे पाहायचे होते. कायद्यातही उणिवा होत्या. सावकारांनी आडवाटा काढल्या, तडजोडीची रीत पुढे मागे पडली. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कोर्टकचेरीतली शेतकऱ्याची दैना मांडली, ती हा कायदा होऊन गेल्यानंतरच. परंतु वाट कोणत्या बाजूला आहे, हे १८७९ ने दाखवून ठेवले.

आता घाट उतरून पुन्हा मुंबईत येऊ. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, १९४८ साली, नगर दिवाणी न्यायालयाचा कायदा झाला. तोवर स्मॉल कॉजच्या मर्यादेपलीकडचा दावा म्हणजे थेट हायकोर्ट. तिथे सॉलिसिटर निराळा आणि बॅरिस्टर निराळा, खर्च दुहेरी. मध्यम माणसाला मधली पायरी हवी होती. नव्या कोर्टाची मर्यादा दहा हजार ठेवली आणि सरकारला ती पंचवीस हजारांपर्यंत वाढविण्याची मुभा दिली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने ती वाढविली, तोच अकरा हजारांच्या वर थोड्या रकमेचा एक दावा हायकोर्टात दाखल झाला आणि प्रश्न निघाला, की अशी मुभा सरकारला देणे कायदेशीर आहे काय? हायकोर्ट म्हणाले, नाही. सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात सांगितले, आहे. नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षात देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायासनाला मुंबईच्या या मधल्या कोर्टाची मर्यादा सोडवावी लागली!

पुढची कहाणी आकड्यांची आहे. मर्यादा पन्नास हजारांवर गेली आणि तिथेच अडकून पडली. १९८६ साली ती अजिबात काढून टाकण्याचा कायदा झाला, पण तो अमलात आला नाही. त्यावरचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, आणि असा कायदा करण्याचा राज्याला अधिकार आहे असा निकाल मिळाला तो २००५ साली. २०१२ मध्ये मर्यादा एकदम एक कोटीवर गेली आणि २०२३ च्या दुरुस्तीने दहा कोटींवर. वीस झेराफिनांपासून दहा कोटी रुपयांपर्यंत! शाळेत आम्ही मुलांना आलेख काढायला शिकवतो. हा आलेख वहीच्या पानात मावणार नाही.

कामकाजाच्या रीतीतही सुधारणा झाली नाही असे नाही. २००२ पासून कैफियत देण्याला तीस दिवस, फार तर नव्वद. एका पक्षाला तारखा फार तर तीन, असे नियम आले. त्यांतले नव्वद दिवसांचे बंधन लोखंडी नव्हे, असे सुप्रीम कोर्टाने पुढे सांगितले. आणि ते एका परीने बरेच झाले. लोखंडी नियमाखाली प्रथम चिरडला जातो तो नोटीस न वाचता येणाराच. व्यापारी दाव्यांसाठी २०१५ साली निराळा कायदा झाला. तिथे एकशेवीस दिवसांनंतर कैफियत घेतच नाहीत. कंपनीच्या दारात पेढीचा वकील बसलेला असतो. तिला हा नियम शोभतो. मावशीच्या दारात भिजलेला कागद असतो.

म्हणूनच मला वाटते, की मर्यादा किती, कोर्ट कुठे, फी केवढी, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी पहिले नव्हेत. पहिला प्रश्न हा, की ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा त्याला खरोखर विचारले काय? यजितपत्राच्या रीतीने तो विचारला, सदसद्विवेकाच्या कोर्टाच्या नावात तो होता, १८७९ च्या कायद्याने तो कलमात लिहिला. जेव्हा जेव्हा सुधारणा करणारे हा प्रश्न विसरले, तेव्हा तेव्हा जवळचे कोर्ट हे गरिबाला लवकर बुडविण्याचे साधन झाले. समन्सवर दोन ओळी मराठीत मोठ्या अक्षरांत असाव्यात: हा काय कागद आहे, किती तारखेला कुठे यायचे, आणि वकील नसेल तर फुकट कुठे मिळेल. तो कागद दारावर डकवण्याआधी बेलीफाने शेजाऱ्याला विचारावे, की बाई घरी केव्हा असते. आणि न्यायाधीशाने एकतर्फी लिहिण्यापूर्वी हिशेबाच्या दोन पावत्या मागाव्यात. याला कोटींचा खर्च नाही. चांगला मास्तर गैरहजर मुलाच्या घरी शेजारचा मुलगा पाठवतोच ना?

मावशीचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. कायद्यात एक दार उघडे असते. समन्स नीट पोहोचले नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. आमच्या हाती बावीस दिवस होते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे मला तेव्हाच कळले. वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, हे लक्षात ठेवावे. दिवाळीच्या फराळाबरोबर ही एक माहिती घरोघर पोहोचली तरी लेखाचे सार्थक होईल. वकीलबाईंनी अर्ज केला. भिजून सुकलेला तो कागद आणि बिस्किटाचा डबा दोन्ही कोर्टापुढे गेले. हुकूमनामा रद्द झाला, आणि काही महिन्यांनी प्रकरण लोक अदालतीत निघाले.

मी बरोबर गेलो होतो. पॅनेलवरच्या न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि मराठीत विचारले, "आजी, तुम्हाला काय सांगायचंय?" जन्मभर गिऱ्हाइकाशी तोंड चालविलेली मावशी त्या एका प्रश्नापुढे घुटमळली. मग पावत्या एकेक करून टेबलावर मांडत गेली. ही नारळी पुनवेची, ही शिमग्याची, ही सुनेच्या बाळंतपणाआधीची. पेढीच्या कारकुनाने वही पाहिली. दोन पावत्या त्यांच्या वहीत नव्हत्या. आकडा निम्म्याच्या खाली आला, हप्ते ठरले, आणि मावशीने अंगठा दिला. हरल्याचा नव्हे, जिंकल्याचाही नव्हे, राजीखुशीचा.

परतताना आम्ही ओव्हलच्या कडेने चालत आलो. मला वाटले, आकडा कमी झाला म्हणून ती खूश असेल. तिने पैशाचा विषयच काढला नाही. बधवार पार्कच्या वळणाशी थांबून ती म्हणाली, "तिनं मला इचारलं, मास्तर." आणि टोपली डोक्यावर नीट करून पुढे झाली, कारण संध्याकाळच्या बाजाराची वेळ झाली होती.